दर पाचवा माणूस

मंगळवार, ता. ४
धाकटीचा पाय प्लास्टरमध्ये. तिच्या कॉलेजच्या पाहणीसाठी डोळ्यांच्या रुग्णांकडून शनिवारपर्यंत चाळीस फॉर्म भरून हवेत, नाहीतर सर तिला परीक्षेला बसू देणार नाहीत. फॉर्म इंग्रजी, विचारायचंही इंग्रजीत. "आई, तू मॅट्रिक आहेस ना?" आहे. पण तेव्हा इंग्रजी लिहायचं होतं, बोलायचं नव्हतं!
देवापुढे बसून वाक्य पाठ केलं — "एक्स्क्यूज मी, वुड यू काइंडली स्पेअर फाइव्ह मिनिट्स?" देवाने मान डोलावली नाही.

बुधवार, ता. ५
डोळ्यांच्या दवाखान्याच्या दाराशी उभी राहिले. नियम असा — बाहेर पडणारा दर पाचवा माणूस. आवडनिवड करायची नाही, ओळखीचं कुणी घ्यायचं नाही.
एक वकील म्हणाले, "आपल्या भाषेत बोला की, बाई!" नाही बोलले. पुन्हा तेच वाक्य म्हटलं. भरला बिचाऱ्यांनी.
अकरा झाले.

गुरुवार, ता. ६
हे म्हणाले, "दहाबारा तूच भरून टाक. कोण बघतंय?" वर बोट दाखवलं. यांनी पंख्याकडे पाहिलं.
एका शिक्षिकेने माझं वाक्य सुधारलं आणि फॉर्म न भरताच गेली.
आज तेरा.

शुक्रवार, ता. ७
पंधरा! घसा बसला.

शनिवार, ता. ८
एकच हवा होता. एक, दोन, तीन, चार — आणि पाचवी ताई. माझी सख्खी थोरली बहीण. आईच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून बिनसलं. अकरा वर्षं बोलणं नाही, निरोप नाही. एका डोळ्यावर पट्टी होती.
सहावी बाई स्वभावाने बरी दिसत होती. पण नियम. आणि अकरा वर्षांत ओळख कुठे राहिलीय? म्हटलं, "एक्स्क्यूज मी, वुड यू काइंडली..."
ताईने नीट निरखलं. "रीड इट," म्हणाली. शाळेतही असाच हुकूम सोडायची.
वाचलं. वय? ते मला माहीत होतं, तरी विचारलं. मॅरिटल स्टेटस?
"विडो."
भावोजी! कधी? फॉर्मवर तो प्रश्न नव्हता. खूण केली.
"हू केम विथ यू टुडे?"
"नोबडी."
शेवटी आभार मानायचे असतात. मानले. ती भिंतीला धरून पायऱ्या उतरली. मी फॉर्मची घडी घालत राहिले.

शनिवार, संध्याकाळ
चाळिसावा फॉर्म फाडला. ओळखीचं माणूस होतं. धाकटी रडली. तिच्या सरांना मी स्वतः भेटून सांगेन. आधी ताईकडे जाते. रात्री तिथेच राहीन.