पट्टे कुठून सुरू होतात

प्रिय खारू,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. शेजारचा ड्रायव्हर उद्या माल घेऊन तुमच्या बाजूला येतोय, त्याच्या हाती हे देते. फोन का केला नाहीस म्हणशील, तर फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत, आई तू उगाच घाबरतेस, बाबांना दे, असं म्हणून मोकळी होतेस. आणि बाबा घरातच असतात. हल्ली त्यांचे कान इतके तिखट झालेत की माझी सुई खाली पडली तरी आतून विचारतात, काय पडलं म्हणून. कान असे का झाले तेच सांगायचंय, पण माझ्या पद्धतीनं सांगते. मधली पानं सोडून शेवट वाचू नकोस.

मी भित्री आहे हे काही गुपित नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तुझे बाबा पंपघरातल्या कामावरून डबा परत आणताना दुसऱ्या हातात पिशवी घेऊन आले, आणि पिशवीत धामण होती. मी पलंगावर चढले ती त्यांनी तिला नाल्यापलीकडे सोडून येईपर्यंत खाली उतरले नाही. पुढे तू झालीस आणि बापाच्या पंगतीला बसलीस. तुम्ही दोघं अंगणात पाण्यातल्या दिवडाची लांबी मोजायचात आणि मी खिडकीच्या गजाआडून ओरडायची. भित्री भागूबाई हे नाव तूच मला दिलंस, तेव्हा तुला नीट बोलताही येत नव्हतं.

पण एक सांगू? भिणारं माणूस साप फार नीट बघतं. बाबा कौतुकानं बघायचे, तू गंमत म्हणून, आणि मी जीव मुठीत धरून. त्यात माझा जन्म काज-बटणं करण्यात गेला, टाका कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे मला लांबूनही कळतं. कवड्या आणि मण्यार यांच्यातला फरक बाबा सर्पमित्र म्हणून प्रत्येक शाळेत जाऊन सांगायचे, तो माझ्या डोक्यात कायमचा बसलाय. कवड्या बिनविषारी, त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीची मान कोरी असते, पट्टे मागे सुरू होतात, बारीक, बरेचदा जोडीजोडीनं, दुहेरी दोऱ्यानं टाके घातल्यासारखे, आणि शेपटीकडे ठळक होत जातात. मण्यार चावली तर कित्येकदा मुंगी चावल्याइतकंही कळत नाही, हेही ते सांगायचे. मला घाम फुटायचा आणि पोरं टाळ्या वाजवायची.

आता दाराची गंमत ऐक. मागच्या उन्हाळ्यात बाबांनी सुतार बोलावला. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वाकलीय म्हणे. सुतारानं ओळंबा लावून दाखवलं, काका, चौकट सरळ आहे. हे ऐकेनात. ओळंब्याची दोरीच वाकडी आहे म्हणाले! मी पदराआड हसले, सुतारही हसला. नंतर ते चहा ओतताना धार कपाच्या बाहेर जायला लागली. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघायला लागले. मला वाटलं रुसलेत, म्हणून मी दोन दिवस त्यांच्या आवडीची भाजी केली. काय डोकं माझं!

शेवटी चष्म्याचं निमित्त करून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलाय, खारू. कडेचं दिसतं, समोरचं नाही. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखायला इंजेक्शनं घ्यायची, ती चालू आहेत. पण डॉक्टर पुढे जे बोलले ते नीट ऐक. म्हणाले, मधली जागा काळी दिसते असं नाही, मेंदू ती स्वतःच भरून टाकतो, आजूबाजूला जे असेल त्यानं. म्हणजे भिंतीवर भिंत भरतो, पडद्याच्या नक्षीवर नक्षी भरतो. पट्ट्यांपुढच्या कोऱ्या मानेवर काय भरत असेल ते तूच समज. बाबांनी त्यातलं एवढंच ऐकलं की नंबर वाढलाय. तुला सांगू नको म्हणून मला शपथ घातली. ती मी मोडतेय.

सापाचे फोटो ओळखायला लोकांकडून त्यांना अजून रोज येतात. आधी ते स्वतः उत्तरं लिहायचे. गेले काही महिने कधी हात ओले असतात, कधी तेलकट. मग मला सांगतात आणि मी टाइप करते. ते फोन तिरका धरून बघतात आणि पटकन नाव सांगतात. बरेचदा बरोबरच असतं, कारण साप आकारावरूनही कळतो. पण दोनदा मला फोटोत वेगळं दिसलं. मी त्यांना न सांगता मला दिसलं ते लिहून टाकलं. त्यानंतर मला धड जेवण जात नाही. साप बघून मी पलंगावर चढणारी बाई, आणि लोक माझ्या शब्दावर घरात पाय टाकतात! माझं चुकलं तर?

मग त्या दिवशी सकाळी तू पाठवलेला फोटो आला. तुझ्या घरात चपलांच्या कपाटामागे वेटोळं करून बसलेल्या सापाचा. बाबांनी बघितला, त्यांचा चेहरा खुलला. कवड्या आहे, मानेपासून पट्टे आहेत बघ, तिला म्हणावं घाबरू नको, कागदानं बाहेर सरकव. मी फोटो मोठा केला. मानेवर काही नव्हतं, खारू. पुढचं अंग काळं कुळकुळीत, कोरं. टाइप करताना तीनदा चुकीची अक्षरं पडली. तुला जे उत्तर आलं, मण्यार आहे, सगळे बाहेर पडा, दाराच्या फटीत टॉवेल लावा, सर्पमित्राला बोलवा, ते बाबांचं नव्हतं. ते माझं होतं. माझ्या नावानं लिहिलं असतं तर तू हसली असतीस. तिकडच्या सर्पमित्रानं मण्यारच म्हटलं आणि तू लिहिलंस, बाबा, तुमच्यामुळे वाचलो. ते मी त्यांना अर्धंच वाचून दाखवलं. थँक्यू बाबा, एवढंच.

म्हणजे बघ, तुझ्या घरात निघालेली मण्यार होती हे तुला माहीत आहे, आणि तो कवड्या होता हे बाबांना माहीत आहे. परवा तू त्यांना फोन केलास, तेव्हा मी शेजारी उभी होते. मोरीच्या भोकातून अजून एखादा आला असेल का, बाबा, रविवारी येऊन घर बघता का? ते म्हणाले, असला तर असू दे, येतो, बघतो. तुम्ही दोघं सगळा वेळ 'तो' आणि 'तसला' म्हणत बोललात. कोणीच नाव घेतलं नाही, मीही नाही.

तेव्हापासून ते लग्नाला निघाल्यासारखे खूश आहेत. लेकीनं बोलावलंय ना! पिशवी धुऊन वाळत घातलीय. साप उचलायची आकड्याची काठी मात्र घेणार नाहीत, कवड्याला कसली काठी म्हणे. कपाटामागे, मोरीत, नुसता हात घालून बघणार आहेत. आणि सापडलाच तर जावईबापूंच्या हातात देणार आहेत, त्यांची भीती एकदाची घालवायची म्हणून. हे मला भाजी निवडताना हसत हसत सांगितलं. मी हो हो म्हणत राहिले आणि देठ पातेल्यात, पानं कचऱ्यात टाकत राहिले.

म्हणून हे पत्र. रविवारी त्यांना बोलावू नकोस, पण नुसतं येऊ नका म्हणूनही भागणार नाही, दुसरं कोणी बोलावेल आणि ते जातील. तू शनिवारी इकडे ये. तुझ्या फोनमधला तोच फोटो त्यांच्यासमोर धर आणि मानेवर पट्टे कुठे आहेत ते बोटानं दाखवायला सांग. ते दाखवतील, अगदी खात्रीनं, कारण त्यांना ते खरंच दिसतात. मग तिथे काही नाही हे तू त्यांना सांगायचंस. आजवर एकही साप चुकलो नाही असं म्हणणाऱ्या माणसाला हे ऐकताना काय होईल कोण जाणे. पण मी सांगितलं तर ते म्हणतील, तुला काय, तू दोरीलाही भितेस. तुझं खरं मानतील. तू बोलशील तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसलेली असेन, त्यांचा हात माझ्या हातात घट्ट धरून.

तुझीच,
आई