वेल्सचं चौथं चॅनेल

३ जून २०२५, मंगळवार

वरची खोली रिकामी करायला घेतली. मेडिकलच्या दोन मुली भाड्यानं राहायला येणार आहेत. गाद्या निघाल्या, पलंग निघाला, आणि पलंगाखालून पत्र्याची ट्रंक. वेल्सहून आणलेली. आत व्हिडिओ कॅसेटी. वरच्या थरात यांचं क्रिकेट, तळाशी माझ्या. माझ्या म्हणजे तिथल्या शेजारणीनं, रिअननने दिलेल्या.

भाग्यश्री सांगलीहून आली होती. तिनं फोटो काढले. "आई, या लेबलवर काय लिहिलंय? हे इंग्लिश नाही."

म्हटलं, वेल्श आहे.

हे पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवला आणि तोच किस्सा पुन्हा. "तुझी आई दोन महिने टीव्हीसमोर बसून इंग्लिश शिकली. दुकानात जाऊन बोलायला लागली, तर ती निघाली वेल्श!" चाळीस वर्षं प्रत्येक पाहुण्याला हाच किस्सा. भाग्यश्रीला तर तो पाठ आहे. तरी ती हसली. मीही हसले.

किस्सा खरा आहे. माहेर जतचं, घरात कन्नड, शाळेत मराठी. इंग्लिश फक्त वाचता यायचं. ८५ साली वेल्सला गेलो, तेव्हा लग्न होऊन वर्ष झालं होतं. हे दिवसभर हॉस्पिटलात भूल द्यायला. म्हणाले, टीव्ही लावून बस, भाषा आपोआप येईल. चॅनेलं चार. चौथ्यावर संध्याकाळी मुलांचा कार्यक्रम असायचा, त्यातली माणसं सावकाश बोलायची. तेच लावत गेले. बाकी सगळ्या ब्रिटनला एक चौथं चॅनेल आणि वेल्सला वेगळं, हे मला कोण सांगणार?

८ जून, रविवार

भाग्यश्रीनं फोटो इंटरनेटवर टाकले होते. वेल्समधून एका माणसाचं उत्तर आलं. नाव गेराइंट. जुन्या कॅसेटींतून टेलिटेक्स्टची पानं काढायचा त्याला छंद आहे.

भाग्यश्रीला टेलिटेक्स्ट ठाऊक नाही. सांगितलं — रिमोटवर नंबर दाबला की काळ्या पडद्यावर रंगीत अक्षरांचं पान यायचं. हवामान, बातम्या, बाजारभाव, कधी एखादी पाककृती. तेव्हा इंटरनेट कुठं होतं. ही पानं चित्राबरोबरच यायची, चित्राच्या वरच्या कडेला, न दिसणाऱ्या ओळींत. म्हणून कार्यक्रम रेकॉर्ड केला की पानंही नकळत कॅसेटीत जायची. गेराइंटकडे ती बाहेर काढायचा प्रोग्रॅम आहे. त्याला फक्त वेल्श चॅनेलच्या कॅसेटी हव्यात. ती पानं वेल्शमध्ये असायची आणि फारच थोडी उरलीत, असं तो लिहितो.

हे म्हणाले, "त्यात माझं क्रिकेट आहे. ट्रंक कुठंही जाणार नाही."

म्हटलं, क्रिकेट ठेवा. माझ्या पाठवते.

"तुझ्या कसल्या? तू काय रेकॉर्ड केलंस?"

भाजी करपत होती, उठले.

९ जून

गेराइंटला लिहिलं, पाठवते.

११ जून

रविवारी यांना दिलेलं उत्तर काल रात्रभर मनात घोळत राहिलं. म्हणजे न दिलेलं.

दुकानातल्या त्या प्रकारानंतर हे दुसऱ्याच रविवारी छतावर चढले आणि अँटेना फिरवला. आमचं गाव समुद्राकाठी. पलीकडच्या किनाऱ्यावर इंग्लंड. बरेच लोक अँटेना तिकडे वळवायचे, म्हणजे वेल्शऐवजी इंग्लंडचं चौथं चॅनेल दिसायचं. हे खाली येऊन म्हणाले, आता नीट इंग्लिश शिक.

शिकले. पण त्या दुकानात वेल्शमध्ये दूध मागितलं होतं, तेव्हा दुकानदार काउंटरबाहेर आला होता. माझा हात हातात घेऊन किती वेळ बोलत होता. इंग्लिशमध्ये मी काही मागितलं तर कुणी मान वर करून बघायचं नाही.

शेजारच्या रिअननला हे दुकानातूनच कळलं. तिचा अँटेना वेल्सकडेच. ती रोजचे कार्यक्रम रेकॉर्ड करायची आणि कुंपणावरून कॅसेट द्यायची. हे ड्यूटीला गेले की मी लावायची. अडलं की कुंपणाशी. तिच्या स्वयंपाकघरात बसून मटार सोलत तीन वर्षं ती भाषा बोलले. निघताना ती म्हणाली, या कॅसेटी घेऊन जा, तिकडं कोण बोलणार तुझ्याशी.

यांना माहीत नाही. यांच्या लेखी मी ती भाषा दोन महिन्यांनी सोडली आणि नंतर तिथं नुसती घरात बसून होते. तसं ते लोकांना सांगतातही.

१४ जून, शनिवार

ट्रंक नाही!

मी बसदीत दर्शनाला गेले होते. परत आले तर वरची खोली लखलखीत. हे म्हणाले, मुली उद्या येणार, भंगारवाल्याला देऊन टाकली. क्रिकेट? "आता सगळं मोबाईलवर दिसतं."

कामाला येणाऱ्या हरणाबाईला म्हटलं, भांडी राहू दे, चल. तिला भंगारवाला अर्जुना माहीत होता, तिच्याच गल्लीतला. रिक्षा करून त्याच्या गोडाऊनवर.

अर्जुना तराजूशी बसला होता. ट्रंक बाजूला, रिकामी. कॅसेटी पोत्यात.

हरणाबाई म्हणाली, "आरं, बाईंच्या हायती त्या. चुकून आल्यात."

"चुकून कशा? डाक्टरांनी सोता दिल्यात." मग माझ्याकडे बघून, "आवं आई, हितं हायती त्या घ्या. पण चार-पाच गेल्या. सकाळीच एकजण घेऊन गेला, शेंगा पेरल्यात त्यानं. फीत लय कामाची असती. रानात बांधली की वाऱ्यावर वाजती, पाखरं फिरकत न्हाईत."

पोतं जमिनीवर ओतलं. मी आणि हरणाबाई खाली बसून निवडायला लागलो. ती अक्षर न वाचताही पटापट काढत होती — "ह्या बाईचं अक्षर तिरकं हाय, व्हय न्हवं?" व्हय, तिरकंच. बहुतेक सगळ्या मिळाल्या. शेतात गेलेल्यांत माझ्या दोन असाव्यात. बाकी क्रिकेट.

अर्जुनानं पैसे घेतले नाहीत. पोतंही दिलं.

१५ जून

सकाळी चहाच्या वेळी यांना सांगितलं. अँटेना, कुंपण, कॅसेटी, सगळं.

आधी हसले. वाटलं असेल मी किस्सा वाढवतेय. मग विचारलं, "म्हणजे तुला ती भाषा येते?"

"यायची. आता बघायला पाहिजे."

"तीन वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तेही तुम्ही पाहुण्यांना सांगितलं असतंत."

चहा तसाच टाकून फिरायला गेले. उन्हं चढली तरी आले नाहीत, तेव्हा काळजी वाटली. आले तेव्हा हातात पुठ्ठ्याचं खोकं. स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानातून आणलेलं. "यात नीट बसतील," म्हणाले.

१७ जून

कुरियर गेलं.

४ जुलै

गेराइंटनं पानं पाठवली. भाग्यश्रीनं मोबाईलवर मोठी करून दाखवली. काळ्यावर पिवळी, हिरवी अक्षरं, मधेमधे अक्षरं गळालेली. एका पानावर वेल्सचा नकाशा, ठोकळ्या-ठोकळ्यांचा, पाऊस. एका पानावर कांद्याच्या सूपची कृती. वाचता आलं. काही शब्दांशी अडले, पण वाचता आलं.

दुपारी त्याचा फोन. तो वेल्शमध्येच सुरू झाला आणि माझी जीभ जड. दूध शब्द आला, मी म्हटलं "ख्लाइथ". तो थांबला. म्हणाला, हे दक्षिणेचं, आमच्या उत्तरेत "ख्लेव्रिथ" म्हणतात. तुम्ही तर पक्क्या दक्षिणेच्या! तिकडंही तसंच म्हणजे. आमच्या जतच्या बोलण्याला साताऱ्याची माणसं हसतात तसं.

कुणाकडून शिकलात, असं त्यानं विचारलं. रिअननचं पूर्ण नाव आणि गाव सांगितलं. शोधतो म्हणाला.

हे दारात उभे होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "जोरात बोलतेस की त्या भाषेत." मला माहीत नव्हतं.

१० जुलै

रिअनन आहे! नव्वदी उलटलीय. मुलगा वारला. नातवानं तिला आपल्याजवळ, इंग्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात ठेवलंय. विस्मरणाचा आजार. इंग्लिश पूर्ण गेलं, लहानपणचं वेल्श तेवढं उरलंय. नातवाला वेल्श येत नाही. तिथल्या नर्सांनाही नाही. गेराइंट त्या नातवाशी बोलला. रविवारी व्हिडिओ कॉल ठरलाय.

यांना सांगितलं. म्हणाले, होतं असं, दुसरी भाषा आधी जाते. डॉक्टरासारखं बोलले.

१३ जुलै, रविवार

आधी ती दिसलीच नाही, नर्सचा हातच. मग खुर्ची, खुर्चीत ती. किती लहान झालीय. मागं टीव्ही चालू, इंग्लिश कार्यक्रम.

मला ओळखलं नाही. नाव सांगितलं, कुंपण सांगितलं, मटार सांगितले. नुसती बघत होती. मग काही सुचेना म्हणून विचारलं, जेवलात का?

आणि ती बोलायला लागली. धबधब्यासारखी. इथली माणसं चांगली आहेत पण काय बोलतात कळत नाही. टीव्ही दिवसभर लावतात, त्यातली माणसंही तसलीच. मध्येच म्हणाली, बूट चावतोय. डावा. कितीदा सांगितलं.

नर्सनं विचारलं, काय म्हणतायत? मी इंग्लिशमध्ये सांगितलं. नर्स खाली बसली, बूट काढला, मोजा काढला. मोठा फोड, फुटलेला. नर्स म्हणाली, त्या कधीपासून चालायला नको म्हणतात, आम्हाला वाटलं हट्ट करतात.

रिअननने पाय लांब केला आणि म्हणाली, हां. एवढंच.

कॉल संपल्यावर यांनी विचारलं, काय म्हणत होती? बुटाचं सांगितलं. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "तो अँटेना मी तुझ्या भल्यासाठीच फिरवला होता."

म्हटलं, माहीत आहे.

"तू संध्याकाळी त्या पोरांच्या कार्यक्रमाला हसायचीस. दारातून ऐकू यायचं. नंतर बंद झालं. मला वाटलं, रमलीस."

१७ जुलै

आता रोज दुपारी चारला फोन. तिकडं सकाळ असते. ती खाण्यापिण्याचं सांगते, मी नर्सला सांगते. नातवानं तिच्या खोलीत वेगळा बॉक्स बसवला, इंग्लंडमध्येही वेल्श चॅनेल दिसतं त्यावर. गेराइंटनं त्याला समजावलं. आज कॉलभर तिचं लक्ष टीव्हीकडेच. मला म्हणाली, गप्प बस जरा, बातम्या लागल्यात.

२२ जुलै

आज एकदम म्हणाली, "चंदन, कधी येतेस?" नावानं. चंदनबाला तिला कधी जमलं नाही, तेव्हापासून चंदनच.

हे ऐकत होते. भाषा कळत नाही, पण नाव कळलं. अर्थ विचारला, सांगितला. म्हणाले, "जाऊ की आपण. मी असलो म्हणजे विमानतळावर, इमिग्रेशनला तुला बोलायची अडचण नाही."

२८ जुलै, सोमवार

पासपोर्टसाठी अर्ज केला. भाग्यश्री म्हणाली, पप्पांचाही भरू का?

म्हटलं, नको. मी एकटी जाणार आहे.