बारमधली स्लीव्ह

४ जून

चि. ठकीस अ. उ. आ.

पंपाच्या कारखान्यात तुला तपासणीच्या टेबलावर बसवलं, हे वाचून ऊर भरून आला. पण तिथे ओतीव स्टेनलेस वापरतात म्हणतेस? शी! वितळवायचं, साच्यात ओतायचं, आत हवेचे फुगे राहिले तर राहिले, वरून पॉलिश मारून मोकळे! मला ते हातात घ्यायलाही किळस येते. पंपाच्या दांड्यावर चढणारी स्लीव्ह आपल्या वर्कशॉपमधून तुमच्याकडे येते ना, ती स्टेनलेसच्या भरीव बारमधून, अख्ख्या जाड सळईतून, लेथवर कोरलेली असते. निम्मा बार चिपा होऊन खाली पडतो, पडू दे. धंदा आता आमचा मुलगा, तुझा दादा, बघतो, पण सकाळी दोन तास लेथवर मी असतोच.

काकूची कंबर बरी आहे. पोटभर जेवत जा.

तुझा काका

११ जून

ती. काकांस सा. न. वि. वि.

काका, तुम्ही म्हणजे भलतेच हट्टी! पंपातला तो वळणावळणाचा पंखा बारमधून कोराल तर म्हातारे व्हाल. झालाच आहात म्हणा. नीट ओतला, एक्स-रे काढून बघितला, तर ओतीव भाग कुठे कमी नसतो. साधी गोल स्लीव्ह मात्र बारमधलीच हवी, हे कबूल.

काकूला नमस्कार. राग धरू नका, माया असू द्या.

तुमची ठकी

२६ जून

ती. काकांस सा. न. वि. वि.

काका, कसं लिहू कळत नाही. दूध डेअरीतून एक पंप परत आला. उघडला तर असा वास, की दोन दिवस जेवण गेलं नाही. स्लीव्ह कापली. आत मोहरीएवढी भोकं, आणि भोकाभोकात सडलेलं पिवळं दूध. याच पंपातलं दूध लहान पोरं पितात हो!

स्लीव्ह आपल्या वर्कशॉपची. ओतीव आहे, लेथवर नुसती वरची साल काढलेली. कागदावर ‘भरीव बारमधून’, खाली दादाची सही. त्याला फोन केला तर म्हणाला, घरातलं घरात ठेव, बाबांना कळलं तर ते खचतील.

नवे शंभर नग टेबलावर आहेत. नापास केले तर तुमच्या वर्कशॉपला कुलूप लागेल, आमच्याशिवाय तुम्हाला दुसरं गिऱ्हाईक नाही. पास करायला हात धजत नाही. शनिवारी सही करायची आहे. काय करू?

तुमची ठकी

२९ जून

चि. ठकीस आ.

पत्र वाचलं, दादाच्या कानाखाली वाजवायला उठलो आणि परत खाली बसलो.

ते नग लेथवर मीच चढवले. हत्यार भोकावरून गेलं की टकटक वाजतं. भरीव बारमध्ये असं कधी होत नाही. चाळीस वर्षं हेच काम केलंय, मला कळणार नाही? पहिल्याच नगाला कळलं. दादाकडे बघितलं, त्यानं मान फिरवली, आणि मी विचारलं नाही. रोज सकाळी टकटक ऐकत साल काढत राहिलो. ओतकामाला शिव्या घालणारं पत्र तुला लिहिलं ना, ते हेच काम करून आल्यावर. थू माझ्या जिंदगानीवर!

शंभरच्या शंभर नापास कर. घरचं म्हणून एकही सोडू नकोस. आधी गेलेल्या स्लीव्हही परत मागव. दादाची सही कागदावर आहेच. लेथवर कोण होतं असं विचारतील, तिथे माझं नाव घाल, सगळं स्पष्ट, आडनावासकट.

लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव.

काका