राखाडीवर राखाडी

मंगळवार, संध्याकाळ

शी! काय घाणेरडी स्क्रीन आहे ती. मंडळाच्या हॉलमधल्या कोडिंग क्लासात आज माझा तीन दिवसांचा प्रोग्राम उडाला. चालवायचं बटण आणि पुसायचं बटण शेजारी शेजारी, दोन्ही एवढीशी, दोन्ही राखाडी. राखाडीवर राखाडी! कोणी केलं असेल हे?

सर म्हणाले, "लक्ष कुठे असतं गं? नववीतून शाळा सोडली की असंच होतं." खरंच माझंच चुकलं?

बाबा दुकानांचे बोर्ड रंगवतात. बोर्ड झाला की लांबून वाचता येतो का ते रस्त्यापलीकडे जाऊन डोळे बारीक करून बघतात. मीपण न सांगता उठले, भिंतीला टेकून तसंच बघितलं.

"सर, हिला चष्मा लागला वाटतं!" शेजारी बसणारी श्वेता ओरडली. सगळे हसले. पण तिथून त्या दोन बटणांचा एकच राखाडी ठिपका दिसत होता.

मग प्रोग्राम कसा चालवायचा ते दाखवायला सर माझ्या जागेवर बसले. त्यांच्या माऊसचा बाणपण पुसायच्याच बटणावर गेला. "अरेच्चा," म्हणून हात काढला. तेव्हा कोणी हसलं नाही.

सरांना तोंडावर बोलायला मला जमणार नाही. उद्या आईच्या टिकल्यांच्या पाकिटातली एक लाल टिकली नेणार आणि स्क्रीनवर, बरोब्बर पुसायच्या बटणावर चिकटवणार. हसू देत.