सीलबंद खोलीतील कुंकू

आश्विन शु. ९, मंगळवार. खंडेनवमी.
रे रोडच्या कारखान्यात नवे फर्मान : सीलबंद खोलीत शस्त्रपूजा नाही. आत कोणत्या अस्त्राचा भाग घडतो, ते मज तपासनिसासही सांगितलेले नाही. साठेसाहेब, वय पस्तीस, म्हणाले, "काका, तुमचं हळदकुंकू बाहेरच्या लेथला लावा. आत धूळ चालत नाही."
धूळ! ज्याने माणसे मरायची, ते न पूजिता धाडायचे?
त्यांच्यादेखत लेथ पूजिला. जेवणाच्या सुट्टीत फिटर परबने सीलबंद खोली उघडली. किल्ली त्याच्याकडे असते. "करा तुमी, काका. मी हयसर उभो आसय." पाच भागांस गंध, कुंकू, फूल. नंतर वस्त्राने स्वच्छ पुसले.

शु. ११, गुरुवार. उपवास.
चाचणीत एक भाग अडकला. पेचाच्या आट्यांत कुंकू निघाले. साठे सर्वांसमक्ष परबवर तुटून पडले. "काकांनी पूजा बाहेर केली, मी होतो तिथे. आत कोणाला घेतलंस?"
"कोणाक नाय. मीच लावलंय."
माझ्याकडे त्याने पाहिलेही नाही. मी चष्मा पुसत राहिलो.

शु. १३, शनिवार.
परब निलंबित. चौकशीच्या कागदावर 'घातपात' हा शब्द. लालबागला त्याच्या घरी गेलो. तो चौकशीला गेलेला. पत्नीने उंबऱ्याआत घेतले नाही.
"आता कित्याक इलात? तो गप रवलो म्हणान तुमी पण गप?"
"वहिनी, मी साहेबांना..."
"सांगलात?"
तिने दार लावून घेतले.
प्रायश्चित्ताचे पहिले अंग ख्यापन, दोष लोकांसमक्ष उच्चारणे. आयुष्यभर इतरांस हे शिकविले. साठ्यासारख्या उद्धटापुढे मान वाकवायची, एवढ्यानेच जीभ अडते. वैदिक म्हणवितो स्वतःस!

पौर्णिमा, सोमवार.
दोन ओळींचे कबुलीपत्र लिहून साहेबांच्या खोलीत गेलो. ते चक्क उठून उभे राहिले.
"बसा, काका. त्या दिवशी धूळ म्हणालो, चुकलं माझं. आता इथे विश्वासाचा माणूस तुम्ही एकटेच."
किल्ली पुढे सरकवली.
मी घेतली. पत्र खिशातच.
गिरगावात परतून सायंसंध्येस बसलो. आचमनाचे पाणी हातातच राहिले, मंत्र पुढे सरेना. पंचपात्राशेजारी किल्ली आहे, पत्रही आहे. उद्या सकाळी सातला खोली मीच उघडायची आहे. परबला चौकशीस आठला बोलाविले आहे.