प्रश्न उद्भवत नाही

बजाजनगर,
शनिवार, ५ जुलै

दादा,

जय भीम. पाकीट बघून वहिनी म्हणेल, वन्संचं डोकं फिरलं का, मोबाइल असताना कागद काळे करतेत. तिला सांग, तुमचा नवरा दीड महिना झाला बहिणीचा फोन उचलत नाय. रिंग जाते, जाते आणि मग ती बाई बोलते. त्या बाईची आणि माझी आता चांगली ओळख झाली. म्हणून हे पत्र आपल्या गावच्या हनुमानच्या जीपमधून पाठवते. गंगापूरच्या फेऱ्या करतो तो, संध्याकाळी तुझ्या हातात देईल.

इथं सगळे बरे. संस्कृती अकरावीला गेली. तिचे पप्पा सेकंड शिफ्टला आहेत, त्यामुळं नवराबायकोची गाठ रविवारीच.

ऑफिसात अधिवेशनाची धावपळ आहे. मुंबईला विधानसभा बसली की इकडं आमच्या कृषी खात्यात डबा उघडायला सवड नसते. आमदार प्रश्न टाकतात, मंत्रालयातून ते खाली आमच्या टेबलावर येतात, वर लिहिलेलं असतं 'आज चार वाजेपर्यंत'. प्रश्नाची चाल ठरलेली. अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने काय केले? उत्तरंही ठरलेली. हे खरे आहे. हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही. सोळा वर्षं मी हेच लिहिते. संस्कृती घरात मला चिडवती, मम्मी, दूध उतू गेले हे खरे आहे काय?

तर मंगळवारी एक प्रश्न आला. मौजे आंबेखडक, तालुका गंगापूर. गावाचं नाव वाचून मी चष्मा पुसला आणि परत वाचलं. आपल्या मुंजाबाकाकाच्या मरणाचा प्रश्न होता. शेततळ्यात पडून मेंढपाळाचा मृत्यू झाला, तळ्याला जाळीचं कुंपण नव्हतं, हे खरे आहे काय, आणि त्याच्या बायकोला मदत दिली काय.

तुझं नाव नाय त्यात. 'एका शेतकऱ्याच्या शेतात' एवढंच आहे. मी फाइल काढली आणि फाइलीत होतं तेच लिहिलं. तू काही मनात आणू नको. तू दर उन्हाळ्यात त्याला रानात मेंढ्या बसवायला बोलवायचास, रानाला खत व्हायचं, त्याच्या पोटाला धान्य व्हायचं. मेंढरू पाण्याला गेलं, प्लास्टिकवर घसरलं, त्याला काढायला काका उतरला आणि शेवाळावरून त्याला वर येता आलं नाय. त्यात तुझा काय दोष. मातीला मी आले होते तेव्हा तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय, ते मात्र माझ्या मनातून जात नाय.

एकच काम आहे. कोणी विचारायला आलं तर जाळी होती म्हण. जास्त बोलायचं नाय.

काकाच्या मागं एकटी राहिलेल्या सखूकाकूला माझा जय भीम सांग. ती तिकडून राम राम म्हणेल आणि हसेल, नेहमीसारखी. हसती का आता?

तुझी
विशाखा


बजाजनगर,
शुक्रवार, ११ जुलै

दादा,

हनुमान म्हणाला, पाकीट दिलं, त्यांनी न फोडता खिशात घातलं. निदान खिशात घातलंस. हेही त्याच्याच जीपनं पाठवते.

काल आपला प्रश्न सभागृहात लागला. साहेबांच्या केबिनमध्ये मोबाइलवर थेट दाखवत होते, आम्ही चौघं उभे राहून बघत होतो. मंत्र्यांनी वाचलं, मेंढपाळाचा मृत्यू झाला हे खरे आहे. कुंपण नव्हते हे खरे नाही. सदर मेंढपाळ कुंपण ओलांडून आत गेल्याचे दिसून येते. सबब, मदतीचा प्रश्न उद्भवत नाही.

ती 'ओलांडून'ची ओळ साहेबांना हवी होती. ऑफिसात असं चालतं.

विरोधी बाकावरचा एक आमदार उठला. म्हणाला, कुंपण होतं तर मेंढी आत गेली कशी, मेंढ्या काय आता उड्या मारायला लागल्या? सगळे हसले. मागून कोणीतरी ओरडलं, मेंढरांना पाटी वाचता येत नाही साहेब. परत हसले. मग एकानं अनुदान वाढवा म्हणून भाषण केलं, दुसरा खताच्या अनुदानावर घसरला, अध्यक्ष खाली बसा खाली बसा करत राहिले. आणि त्या गोंधळात सत्ताधारी बाजूचा एक जण शांतपणे उभा राहिला. चांगला अभ्यास करून आलेला माणूस, हातात कागद. म्हणाला, कुंपण असूनही माणसं मरत असतील तर कुंपणाचं अनुदान द्यायचंच कशाला? ते बंद करून तेवढ्यात जास्त तळी होतील. बाकं वाजली, दादा. मंत्री म्हणाले, ही सूचना तपासून घेतो.

राज्यात आणखी किती गावांत अशी तळी असतील. आपल्या तळ्याचं उत्तर वाचून त्या सगळ्यांची जाळी जाणार.

पुढचं ऐक. विरोधक गप्प बसेनात, तेव्हा मंत्र्यांनी जाहीर केलं, येत्या गुरुवारी समिती जागेवर जाऊन बघेल. कुंपण नसेल तर अनुदान घेणाऱ्यावर गुन्हा दाखल होईल. अनुदान घेणारा म्हणजे तू. तुझ्या सहीचा कागद आहे.

संध्याकाळी तात्यासाहेबांचा फोन आला. तेच, ज्यांच्या दुकानातून तुझ्या तळ्याचं प्लास्टिक आलं, आणि जाळीचं बिलही. लई गोड बोलले. म्हणाले, ताई, मंगळवारी खांब आणि जाळी रानात आणून उतरवतो. जुनी गंजलेली जाळी बघून ठेवली, नवी वाटायला नको. तुमच्या भावाला फक्त वाट अडवू नका म्हणावं.

मी व्हय म्हणाले. तू पण म्हण. दुसरा रस्ता मला दिसत नाय.

पण एक गोष्ट आहे, ती त्यांनाही सुचलेली नाय. समितीच्या हातात फाइलीतला फोटो असणार. जाळी लावल्याचा फोटो. काल मी तो नीट बघितला. त्यात जाळीच्या मागं मोठा कडुनिंब उभा आहे. आपल्या रानात बाभळीशिवाय काय आहे? दुसऱ्याच कोणाच्या तळ्याचा फोटो चिकटवलाय. खांब रोवतील, जाळी गंजवतील, पण झाड कुठून आणणार?

फोन उचल रे. नाय उचलायचा तर हनुमानजवळ दोन ओळी दे. शिव्या असल्या तरी चालतील.

विशाखा


बजाजनगर,
बुधवार, १६ जुलै

दादा,

हे पत्र हनुमानजवळ देत नाय.

सोमवारी तात्यासाहेब घरी आले होते. केळीचा घड आणला. चहाला साखर कमी सांगितली. संस्कृतीला विचारलं, कॉलेजची बस साडेबाराला सोडते ना बाळा, त्या चौकात? ती हो म्हणाली आणि आत गेली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, झाड कुठून आणणार विचारलंत. वादळात पडलं म्हणू की. खोडसुद्धा आणून टाकतो, काळजी करू नका. पण असलं कागदावर लिहीत जाऊ नका."

झाडाचं मी फक्त तुला लिहिलं होतं.

हनुमाननं पाकीट फोडलं असंल, नाहीतर तू दाखवलं असशील. दोन दिवस मी हेच उलटंपालटं करतेय. तूच दाखवलं असशील तरी तुझ्यावर चिडायचा मला हक्क नाय. का ते आता लिहिते. आतापर्यंत मी तुला जे लिहिलं त्यात बरंच खोटं आहे.

काम पूर्ण झाल्याच्या कागदावर तू सही करत नव्हतास. म्हणालास, विशे, जाळी लागली नाय अजून. मार्चचे शेवटचे दिवस होते. मी म्हणाले, लागंल रे, निधी परत जाईल, तू सही कर, पुढचं मी बघते. तू सही केलीस कारण मी सरकारी बाई, मला कळतं असं तुला वाटलं. मी पुढचं काय बघितलं? काही नाय. तो फोटो माझ्याच टेबलावरून पुढं गेला. कडुनिंब मला काल-परवा दिसला नाय, तेव्हाच दिसला होता. मी पान उलटलं.

आणि ती 'ओलांडून'ची ओळ. साहेब एवढंच म्हणाले होते, जाळी होती तर माणूस आत कसा गेला हे विचारतील, काहीतरी लिहा. काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाय. फाइलीत तसं काही नव्हतं. पावणेचार वाजले होते. मी लिहिलं. 'असे दिसून येते.' कोणाला दिसलं, दादा?

गुडघ्यानं अधू माणूस. आपल्या ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचा, मी तिसरीत होते तेव्हापासून. म्हणायचा, तू माझी काठी गं. त्या माणसाला मी छातीएवढ्या जाळीवरून उडी मारायला लावली. मला वाटलं, असं लिहिलं की तू यातून वाचशील. खरं सांगू? मी वाचेन असंही वाटलं. आधी कुठलं वाटलं ते मला सांगता येणार नाय.

काल वहिनीचा फोन आला, पहिल्यांदाच. हळू आवाजात बोलत होती. म्हणाली, "वन्सं, खांब आले. खड्डे खांदतेत. तुमचे भाऊ नुसते बघत उभे हायेत." मी विचारलं, सखूकाकू? म्हणाली, "बांधावर येऊन बसली व्हती. एकाला म्हणली, आता कशाला लावता रे बाबांनो. तो म्हणला, आजी, आधीपासूनच हाय की, तुमचा म्हातारा वरून गेला. मग मला म्हणती, व्हय गं, वरून गेले आसतील का?"

दादा, तिला खरं वाटायला लागलंय. बेचाळीस वर्षं ज्याच्यासोबत राहिली त्याचा गुडघा तिला माहीत नाय का? पण सरकार म्हणतंय, विधानसभेत वाचलंय, म्हणजे असेल. उद्या समिती विचारेल आणि ती हात जोडून म्हणेल, व्हय साहेब, वरून गेले. मग कोणालाच काही करता येणार नाय. पैशाचं सोड, ती मरेपर्यंत त्या म्हाताऱ्यावर रागवून बसेल, जाळी होती तर गेलास कशाला म्हणून.

ते मला सहन होणार नाय. बाकीचं होईल. नोकरी जाईल, गुन्हा दाखल होईल, तुझ्यावर आणि माझ्यावर दोघांवर. तुला न विचारता मी तुलाही यात ओढते आहे, हे मला कळतं. मार्चमध्ये पण असंच ओढलं होतं. संस्कृतीच्या पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून केळीचा घड बाहेर नेऊन ठेवला. उद्या त्यांनी सुट्टी टाकली आहे. पोरगी कॉलेजला जाणार नाय.

खाली जे लिहिते त्याच्या दोन प्रती आहेत. एक समितीच्या हातात देणार.

(१) मौजे आंबेखडक येथील शेततळ्यास दिनांक १५ जुलैपूर्वी कुंपण नव्हते, हे खरे आहे काय?
हे खरे आहे.

(२) कुंपणाचे छायाचित्र दुसऱ्याच तळ्याचे असून ते माहीत असताना पुढे पाठवण्यात आले, हे खरे आहे काय?
हे खरे आहे. मी पाठवले.

(३) श्री. मुंजाबा हे कुंपण ओलांडून आत गेले, हे खरे आहे काय?
हे खरे नाही. ते मेंढरू काढायला गेले होते. ओलांडायला तिथे काहीच नव्हते.

(४) लाभार्थी शेतकऱ्याने सही कोणाच्या सांगण्यावरून केली?
माझ्या.

चौथा प्रश्न कोणी विचारलेला नाय, मीच घातला. तुझ्यासाठी एवढंच करता आलं.

सकाळच्या पहिल्या एसटीनं येते. समिती अकराला पोचणार आहे. त्याआधी दुसरी प्रत तुझ्या हातात देईन. सखूकाकूला वाचता येत नाय, तिला तू वाचून दाखव. तिसरं उत्तर दोनदा वाच. फाट्यावर तू मला घ्यायला उभा असशील की तिकडं त्यांच्यासोबत खांबापाशी, मला माहीत नाय. खांबापाशी असलास तर मी तिच्याजवळ बांधावर बसून स्वतःच वाचेन, तुझ्यासमोर.

ऑफिसच्या कागदावर खाली साहेबांची सही असते. ज्यानं लिहिलं त्याची आद्याक्षरं कोपऱ्यात बारीक असतात, ती मुंबईला जाणाऱ्या प्रतीवर येतसुद्धा नायत. सोळा वर्षं मी त्या कोपऱ्यात राहिले. आज पूर्ण सही करते.

मसुदा लिहिणारी,
विशाखा कडुबा हिवराळे
वरिष्ठ लिपिक
मुंजाबाकाकाची काठी