ढेकरमुक्त चमेली

१२ ऑक्टोबर, सकाळ
पेपरात भयंकर बातमी. गाई-म्हशी रवंथ करताना ढेकर देतात, त्यातून मिथेन निघतो आणि पृथ्वी तापते. चहा हातातच निवला. शाळेत गाईवरच्या किती कविता चालीवर पाठ केल्या! एकाही कवीने ही बाजू मांडली नाही. राहिलेलं काम आता मलाच करावं लागणार. उभी हयात भोपाळच्या कारखान्यात टर्बाइनची ड्रॉइंग्ज काढली, एका म्हशीचं काय!
संकल्प : आपल्या दुधाची म्हैस चमेली कोजागिरीपर्यंत ढेकरमुक्त. त्या रात्री मराठी मंडळात माझी कविता. मसाला दूध दरवर्षीप्रमाणे बायकोचं, सुमित्राचं. एकाच घरातून दूध आणि काव्य.

१३ ऑक्टोबर
बातमीत खाली लिहिलंय, लसणाने ढेकर कमी होतात. करोंद मंडीतून पोतंभर लसूण आणला. गेंदालाल गवळ्याचा गोठा आमच्या बरखेडा कॉलनीच्या भिंतीपलीकडे. म्हणाला, बाबूजी, भैंस का पेट तो ठीक है. म्हटलं, पृथ्वीचं बिघडलंय. तो म्हणाला, मुफ़्त का है तो रोज लाइए. जनजागृती झाली.

१७ ऑक्टोबर
गोठ्यात पाहणी. कानातलं मशीन वाऱ्यात शिट्टी मारतं, चमेली बुजते. म्हणून ते घरीच ठेवलं. बराच वेळ तिच्या तोंडाशी बसलो. एकही ढेकर नाही! गेंदालाल हातवारे करून काही सांगत होता. बहुधा अभिनंदन.
तिथेच सुचलं :
महिषी माते, आवर ढेकर,
तापल्या भूवर घाल तू पाखर!
डोळे भरून आले. हे पाठ्यपुस्तकात हवं.

२० ऑक्टोबर
सुमित्रा म्हणते, चहाला वास येतो. म्हटलं, फोडणीच्या पातेल्यात दूध तापवलं असशील. तिने सगळी पातेली चिंचेने घासली. म्हणाली, तरी येतोच. म्हटलं, हवामानबदल.
तिला वेगळीच धास्ती. यंदा दूध बिघडलं तर कोजागिरीची कढई मंडळातल्या शालिनीकडे जाईल. ती टपूनच बसलीय म्हणे, गेल्या वर्षी जायफळाला नावं ठेवत होती. इथे पृथ्वी तापतेय आणि हिचं जायफळ!

२५ ऑक्टोबर
उद्या कोजागिरी. मंडळाचं सगळं दूध गेंदालालकडूनच. कवितेत 'महिषीवृंद' हा शब्द आलाय. तो खोटा ठरू नये म्हणून उरलेला लसूण गोठ्यातल्या सगळ्याच म्हशींना घालायला लावला. कवीने सत्याशी इमान राखावं.

२६ ऑक्टोबर, संध्याकाळ
सुमित्रा कढईपाशी अस्वस्थ. अहो, जरा वास घ्या ना. चंद्राला नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखता येत नाही, त्यामुळे जीव टांगणीला. म्हटलं, शेजारी चटणी कुटतायत. जायफळ वाढव.

रात्री
आधी दूध, मग माझी कविता. माइकजवळ मशीन शिट्टी मारतं, म्हणून काढून खिशात ठेवलं. काय ती शांतता! शेवटच्या कडव्याला सगळे तोंडावर हात धरून बसलेले. सेक्रेटरी जयंतने तर डोळे मिटले होते. आयुष्यात असा श्रोतृवर्ग लाभला नव्हता.
टाळ्या ऐकायला मशीन लावलं.
टाळ्या नव्हत्या. अख्खं मंडळ ढेकर देत होतं. शालिनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारत होती, सुमित्राताई, दुधाला फोडणी गोडेतेलाची दिलीत की मोहरीच्या तेलाची?
सुमित्राने माझ्या कोटाच्या खिशातून एक लसणाची पाकळी काढून माझ्याच हातावर ठेवली.

२७ ऑक्टोबर
सकाळीच कढई शालिनीकडे गेली. सुमित्रा स्वतः पोचवून आली.
मशीन लावून गोठ्यात गेलो. चमेलीने ढेकर दिला. पाठोपाठ सगळ्या महिषीवृंदाने. गेंदालाल म्हणाला, उस दिन यही तो बता रहा था बाबूजी, लहसुन से इसकी डकार और खुल गई है.
घरी आलो. सुमित्राला विचारलं, कविता तरी बरी झाली ना? उत्तर ऐकू आलं नाही. मशीनची बॅटरी बदलली. पुन्हा विचारलं.
बॅटरी उत्तम आहे. आत भांडी आपटल्याचा आवाज अगदी स्वच्छ येतोय.